हिशेब तुमच्या वयावर मांडा, ताई

पत्र :

"आम्ही उमरेड तालुक्यातले. आमचे हे 22 वर्षांपासून बुटीबोरीच्या कंपनीत आहेत, येत्या मार्चमध्ये 58 पूर्ण होऊन घरी बसतील. माझं वय 54. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 17 लाख येतील म्हणतात, पेन्शन महिना साडेतीन हजार. बँकेत 5 लाखांची एफडी आहे, 2011 पासून तीच पुढे पुढे चालू आहे. सहा एकर वावर आहे, कोरडवाहू, विहिरीवर एखादा एकर भिजते. पाच एकर ठेक्यानं द्यायचा विचार आहे, एकरी 12 हजार वर्षाचे भेटतात. मुलगी दिल्या घरी आहे. मुलगा नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहे. तो म्हणतो की आजकाल एक कोटीशिवाय रिटायरमेंट होतच नाही, त्यापेक्षा 10 लाख मला द्या, मी बेशाला फ्लॅट घेतो, तुम्ही दोघं आमच्याकडे या. हे म्हणतात, गावात राहणाऱ्याला काय लागतं, वावर आहे ना. मला दोघांचंही पटत नाही. गावात नीट राहायचं तर किती पैसा लागतो, ते एकदा सांगा. सोबत महिन्याच्या खर्चाचा कागद जोडला आहे."

उत्तर :

ताई, तुम्ही खर्चाचा कागद जोडलात म्हणून उत्तर देणं सोपं झालं. एरवी लोक "बरं भागतं" एवढंच लिहितात आणि आकडा मात्र माझ्याकडे मागतात.

तुमच्या कागदावर किराणा 4 हजार, दूध दीड हजार, भाजी एक हजार, लाईट-गॅस दीड हजार, मोबाईल-डिश 700, दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या 1,300 आणि गाडीचं पेट्रोल एक हजार आहे. बेरीज 11 हजार. एवढ्यात गावातलं घर चालतं, हे खरंच आहे. पण त्यात रोजचा खर्च तेवढा आला, वर्षाचा खर्च राहून गेला.

पहिलं म्हणजे नातंगोतं. आपल्याकडे मे महिन्यात एकेका आठवड्यात तीन लग्नं आणि एक तेरवी येते. कुठे पातळ, कुठे शर्टपीस, पाकिटात 251 की 501 यावर रात्री नवरा-बायकोची चर्चा, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं. मग भाच्याचं बारसं, गावातल्या सप्त्याची वर्गणी. शहरातला माणूस यातून सुटतो, गावात राहणारा सुटत नाही आणि सुटायचा प्रयत्नही करू नये, कारण अर्ध्या रात्री दवाखान्यात न्यायला हीच माणसं गाडी काढतात. याचे महिना 2 हजार धरा. पावसाळ्याआधीची घराची डागडुजी दीड हजार. डोळे, दात, रक्ततपासण्या दीड हजार. मोटरपंप जळतो, फ्रिज बसतो, गाडीचं काम निघतं, त्यासाठी एक हजार. नागपूरच्या फेऱ्या आणि कधीतरी देवदर्शन, एक हजार. हे झाले 7 हजार. म्हणजे तुमचा खरा खर्च आजच्या भावाने महिना 18 हजार आहे.

त्या कागदावर गहू, तुरीची डाळ, चणा कुठेच नाही, कारण ते घरचं येतं. सगळं वावर ठेक्यानं दिलं असतं तर डाळ-गहूही दुकानातून आणावे लागले असते. सहावा एकर हाताशी ठेवताय ते फार बरं. तो विहिरीखालचाच ठेवा.

आता येणारा पैसा. पाच एकरांच्या ठेक्याचे वर्षाला 60 हजार, म्हणजे महिना 5 हजार. पेन्शन साडेतीन हजार. पीएम किसानचे 6 हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे 6 हजार मिळून महिन्याला एक हजार. एकूण साडेनऊ हजार. खर्च 18, आवक साडेनऊ, तूट साडेआठ हजारांची. ही आजची तूट. वीस वर्षांनी ती एवढीच राहणार नाही, आणि भाऊजींचा हिशेब नेमका इथे चुकतो.

महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. तुम्ही 66 वर्षांच्या व्हाल तेव्हा याच डाळ-तांदळाला, याच गोळ्यांना 36 हजार लागतील. 78 व्या वर्षी 72 हजार. ठेक्याचा भाव मागेपुढे वाढतो. कंपनीची पेन्शन वाढत नाही. ईपीएस-95 या पीएफच्या पेन्शन योजनेत महागाई भत्ता नाही, साडेतीन हजार म्हणजे शेवटपर्यंत साडेतीन हजारच. किसानचे हप्ते सरकारच्या मर्जीवर. म्हणून मी एक ढोबळ नियम पाळतो : जे उत्पन्न वाढत नाही ते निम्मंच धरायचं. पेन्शन आणि किसानचे मिळून साडेचार हजार आहेत, ते सव्वादोन धरू. मग तूट होते महिना 10,750, वर्षाला 1 लाख 29 हजार.

ती किती वर्षं भरायची? बहुतेक घरांत हा हिशेब नवऱ्याच्या वयावर मांडतात. निवृत्त तो होतो ना! पण पैसे पुरायला हवेत ते मागे राहणाऱ्या माणसाला, आणि तुमच्या घरात ते माणूस बहुधा तुम्ही असाल. तुम्ही चार वर्षांनी लहान आहात. 84 वर्षांपर्यंतचा हिशेब धरला तर 30 वर्षं. भाऊजींच्या माघारी पेन्शनही निम्मीच तुमच्या हाती येईल, पावणेदोन हजार.

बँकेचं व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं समजू, म्हणजे गुणाकार सोपा होतो. 1 लाख 29 हजार गुणिले 30, जवळजवळ 39 लाख. आजारपणासाठी 5 लाख वेगळे. झाले 44 लाख. शेवटची आठेक वर्षं घरात एकच माणूस असेल असं धरलं तर त्यातून 5 लाख वजा करा. एका माणसाचा खर्च निम्म्यावर येत नाही, लाईट तेवढीच जळते, घर तेवढंच गळतं. फार तर तिसरा हिस्सा कमी होतो. राहिले 39 लाख.

हा तुमचा आकडा. मुलाचा एक कोटी कुठून आला तेही सांगतो. मोबाईलवरचे ते हिशेब पुण्या-मुंबईच्या घरासाठी, महिना 40-50 हजार खर्च धरून केलेले असतात. त्यात ना वावर असतं, ना घरची डाळ, ना स्वतःचं घर. पण मुलाला अगदीच उडवून लावू नका. तुमच्यासारखंच 18 हजारांत भागवणाऱ्या, पण वावर आणि पेन्शन दोन्ही नसलेल्या जोडप्याला याच रीतीने 65 लाख लागतात. गावात ज्यांचं पोट फक्त मजुरीवर आहे त्यांच्याकडे हा पैसा कुठून येणार, याचं उत्तर या सदरात मावणारं नाही. 65 वर्षांवरच्या निराधारांना श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळतात, त्यात काय होतं ते तुम्ही रोज बघत असाल.

तुमच्याकडे 22 लाख असतील. कमी पडतात 17. घाबरू नका, हे पैसे उद्या सकाळी लागत नाहीत. भाऊजी 58 चे आहेत, धडधाकट आहेत. पुढची आठ वर्षं त्यांनी एखादं हलकं काम धरलं, कुठे हिशेबनीस, कुठे गोदामावर देखरेख, घरी दोन शेळ्या, आणि महिन्याला 4 हजारांची तूट कमी केली तर 4 लाखांच्या आसपास वाचतात. उरले 13 लाख. गावात एकरी 15 लाखांचा भाव सांगतात ना? मग एक एकर हा तुमच्या म्हातारपणाचा शेवटचा हप्ता समजा. तो पंचाहत्तरीच्या आसपास विकायचा, आत्ता नाही. आणि रस्त्यालगतचा एकर कधीच आधी काढू नका. पुढचा तुकडा गेला की मागच्या पाच एकरांची वाट अडते, भाव पडतो आणि धुऱ्यावरून भांडण आयुष्यभराचं.

भाऊजी म्हणतात "वावर आहे ना". आहे, पण वावर पिकवायला अंग लागतं. आज ते कंपनीतून येऊन संध्याकाळी फवारणी करतात, सुटीच्या दिवशी डवरणीला उभे राहतात, रानडुकरांच्या मागे रात्री जागतात. ती सगळी मजुरी ते स्वतःला देत नाहीत, म्हणून शेती परवडलेली दिसते. सत्तरीत तेच काम पैसे देऊन करून घ्यायचं तर सोयाबीनच्या एकराला हाती काय राहतं, ते त्यांनाच विचारा. म्हणूनच मी हिशेबात पिकाचं उत्पन्न न धरता ठेक्याचं धरलं. त्यातही ठेका मृगाआधी पूर्ण रोख घ्या. "अर्धे आत्ता, अर्धे माल निघाल्यावर" असं ठरलं की ज्या वर्षी माल निघत नाही त्या वर्षी अर्धेच राहतात. कागद दरवर्षी नवा, एका हंगामाचा करा आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत, कोणाच्या नावाने काय जाते ते बघत चला.

आता 22 लाखांचं काय करायचं ते.

निवृत्तीच्या पैशातले 12 लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. साठीची अट आहे, पण 55 ते 60 च्या दरम्यान नोकरीतून निवृत्त होणाऱ्याला ती आधीही उघडता येते. मात्र पैसा निवृत्तीच्याच रकमेतला हवा आणि ती हाती आल्यापासून 3 महिन्यांच्या आत खातं उघडायला हवं. कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या. हे तीन महिने चुकले तर भाऊजींना साठीपर्यंत थांबावं लागेल आणि तेवढ्यात पैसा कुठेतरी वाटेला लागतो. सध्या 8.2 टक्के दर आहे, उघडताना जो असेल तो 5 वर्षं टिकतो. 12 लाखांवर दर तिमाहीला 24,600 रुपये, म्हणजे महिन्याला 8,200 पडतात. आजची तूट साडेआठ हजारांची होती. जवळजवळ तेवढीच भरली. खातं दोघांच्या नावाने उघडा, जोडीदाराला वयाची अट नाही.

5 लाख किसान विकास पत्रात. सध्याच्या साडेसात टक्के दराने 115 महिन्यांत दुप्पट होतात. दहा वर्षांनी महागाईने तुमचे 8,200 अपुरे पडायला लागतील, तेव्हा हे 10 लाख उभे राहतील. म्युच्युअल फंडात याहून जास्त मिळू शकतं, पण पाच लाखांचे चार दिसायला लागले की भाऊजी झोपणार नाहीत आणि घाबरून नेमक्या वाईट दिवशी काढतील, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. तसं नसेल तर यातले दोन लाख तिकडे टाकायला माझी हरकत नाही.

बँकेतली 5 लाखांची एफडी आजारपणासाठी, तिला हात लावायचा नाही. तुम्ही म्हणाल, सरकारचं कार्ड आहे की. आहेच, आणि ते काढून ठेवाच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, सत्तरीनंतर आयुष्मानचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे. पण कार्ड चालतं ते भरती झाल्यावर, ठरलेल्या आजारांना. भरतीआधीच्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधं, घरी आल्यावरच्या गोळ्या हे खिशातून जातं. मेडिकलच्या व्हरांड्यात कधी गेला असाल तर पाहिलं असेल : सतरंजीवर बसलेली बाई, उशाला स्टीलचा डबा, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. तिच्या पेशंटचं ऑपरेशन फुकट होत असतं. तिचं जेवण, तिचा ऑटो, गावाकडे बंद पडलेली मजुरी, हे कुठल्या योजनेत नाही. महिनाभराचं आजारपण काही न करता 40-50 हजार खाऊन जातं.

कोणी पतसंस्थेत 11-12 टक्के देतो म्हणून घरी येईल. मार्चमध्ये नक्की येईल, पीएफ निघाल्याची बातमी गावात कशी फिरते ते तुम्हाला ठाऊक आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक बँकेमागे 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. चहा पाजा आणि पाठवून द्या.

आणि लाडकी बहीणचे दीड हजार मिळत असतील तर ते वर्षाच्या खर्चात वापरा, हिशेबात धरू नका. त्याला 65 वयापर्यंतचीच मर्यादा आहे, पैशाची ओढ लागते ती त्यानंतर.

आता मुलाचे 10 लाख. पत्रातला खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं. 22 मधून 10 गेले तर वरचा सगळा हिशेब मोडतो, कुठे थोडा, कुठे जास्त असा नाही, पार मोडतो. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो मनापासून "या" म्हणतो आहे. पण त्याची पुढे तीसेक वर्षांची नोकरी आहे, पगाराची स्लिप दाखवून त्याला गृहकर्ज मिळेल. भाऊजींना एप्रिलनंतर कोणती बँक उभं करणार आहे? थोडा लहान फ्लॅट, थोडा लांब, दोन वर्षं उशिरा, एवढाच त्याचा तोटा. त्याला सांगा की हा वरचा कागद बघ, यातून काय काढू ते तूच सांग. शिकलेला मुलगा आहे, आकडे बघून गप्प बसेल. फ्लॅटवर जाऊन राहायचं तर आधी सहा महिने राहून बघा. सकाळी उठून बोलायला माणूस नाही म्हणून परत येणारे आई-बाप आपल्या भागात कमी नाहीत. तोवर गावच्या घराला कुलूप लावा, ते विकू नका.

द्यायचंच ठरलं तर भाऊजींचं किंवा तुमचं नाव फ्लॅटच्या करारनाम्यावर येऊ द्या. आणि कधी वावर मुलाच्या नावे करायची वेळ आली, तर बक्षीसपत्रात "आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशी अट मोडणाऱ्याचं बक्षीसपत्र रद्द करायला मदत करतं. अट लिहिलेली नसली तर फार खटपट होते.

शेवटी कागदांचं. सातबारा फक्त भाऊजींच्या नावावर असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत त्यांनी तलाठ्याकडे अर्ज करून तुमचं नाव सहहिस्सेदार म्हणून चढवता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा विषय लावून धरला होता, त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी गावोगाव सातबारे अजून एकट्या पुरुषाच्या नावावरच दिसतात. हे न करता भाऊजी गेले तर त्यांचं वावर तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखं वाटलं जाईल. सासूबाई असतील तर त्यांचाही हिस्सा. म्हणजे ज्या ठेक्यावर तुमचं म्हातारपण उभं केलं त्याचा तिसरा हिस्सा तुमच्या हातात, बाकीचं मुलांच्या मनावर. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, स्टॅम्प लागत नाही. वडिलोपार्जित जमिनीत त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचं लिहिता येईल. सक्ती नसली तरी नोंदणी करून घ्या.

ती एफडी 2011 पासून नुसती पुढे चालू आहे असं लिहिलंत. त्या वेळी नॉमिनी म्हणून कोणाचं नाव टाकलं होतं, पावती काढून बघा. आईचं किंवा भावाचं असेल तर या आठवड्यात बँकेत जाऊन बदला, आणि पीएफच्या नोंदीत काय आहे ते भाऊजींनी कंपनी सुटण्याआधीच तपासून घ्यावं.